प्रत, ऋण आणि नाममुद्रा : संग्राहक चाहत्याच्या नीतीचा विचार

१

'चाहता' हा शब्द मराठी समीक्षेच्या परिभाषेत नाही. तेथे सहृदय आहे, रसिक आहे, आस्वादक आहे, जाणकार आहे; वाचककेंद्री समीक्षेचा परिचय झाल्यापासून 'वाचक'ही सन्मानाने येऊन बसला आहे. चाहत्याला मात्र तेथे जागा मिळालेली नाही. याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते, की कलानुभवाविषयीची आपली कल्पना दोन परंपरांनी घडवली आहे आणि त्या दोन्ही चाहत्याला प्रतिकूल आहेत. अभिनवगुप्ताचा सहृदय कृतीशी तन्मय होतो, परंतु त्या तन्मयतेत 'माझे-तुझे' हा भाव गळून पडलेला असतो. कांटच्या सौंदर्यविचारातील प्रेक्षकही वस्तूच्या मालकीविषयी उदासीन असतो. चाहत्याला तर ती वस्तू हवी असते. ती घरात हवी असते, पूर्ण हवी असते, शक्य तर सर्वांच्या आधी हवी असते. अडोर्नोने १९३८ साली संगीतातील वस्तुपूजेवर लिहिताना अशा श्रोत्यावर कठोर टीका केली होती. हा श्रोता संगीत ऐकत नाही, तर संगीतासाठी मोजलेल्या किमतीची पूजा करतो, असा त्या टीकेचा आशय आहे.

हा आक्षेप निराधार नाही. तथापि तो अपुरा आहे, असे मला वाटते. चाहते एकत्र बसतात तेव्हा ते नेमके काय बोलतात, याकडे या आक्षेपाने पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात त्या बोलण्याचा विचार करावयाचा आहे. आणि त्या अनुषंगाने, दुसऱ्याच्या कलाकृतीची प्रत जवळ बाळगणाऱ्या माणसावर कोणते ऋण येते, या नैतिक प्रश्नाचाही.

२

एक परके उदाहरण प्रथम घेऊ. 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडच्या चित्रगीतांचा डीव्हीडी-संच २००२ साली निघाला, त्याचा दुसरा भाग २००३ मध्ये. यातील बरीच चित्रगीते १९७० आणि १९८० च्या दशकांतली, म्हणजे चार-तीन प्रमाणाच्या जुन्या दूरचित्रवाणी पडद्यासाठी केलेली होती. असे जुने चित्र नव्या रुंद पडद्यावर काठोकाठ भरावयाचे, तर दोनच मार्ग उरतात : चित्र आडवे ताणणे किंवा त्याची वरची-खालची पट्टी कापणे. म्हणून कोणत्याही जुन्या बँडचा असा संच हाती आला, की चाहत्यांचे प्रश्न ठरलेले असतात. चौकट मूळची आहे की कापलेली? हे दृश्य प्रत्यक्ष मैफलीचे आहे, की आधी मुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवले आहेत? ध्वनी पहिल्या मुद्रणाचा आहे की नंतर 'सुधारलेला'? कोणते गीत वगळले, आणि कोणाच्या निर्णयाने?

हे प्रश्न वेडाचे वाटतात खरे. परंतु त्यांच्या जागी 'कोणते हस्तलिखित जुने, कोणता पाठ प्रक्षिप्त, कोणती ओवी गळाली' हे शब्द ठेवून पाहावेत. संहिताचिकित्सा ज्या प्रश्नांपासून सुरू होते, त्याच प्रश्नांपासून हे बोलणेही सुरू झालेले असते. फरक इतकाच, की संहिताचिकित्सकाला विद्यापीठाचा आधार असतो आणि चाहत्याला केवळ प्रेमाचा.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बुलसारा, हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच 'द हेक्टिक्स' या शालेय वाद्यवृंदात तो पियानो वाजवत असे. त्या संचात पाचगणी नाही. आणि ती तेथे असण्याची अपेक्षाही कोणी केली नसती. पण यावरून एक ध्यानात येते. ज्याला आपण 'संपूर्ण संग्रह' म्हणतो, तो कोणाच्या तरी कॅमेऱ्यापुढे जे आले तेवढ्याचाच संग्रह असतो. पूर्णतेची ही मर्यादा जेथे कॅमेरे मुबलक होते तेथे किरकोळ ठरते. जेथे ते नव्हतेच, तेथे ती नैतिक प्रश्न बनते.

३

आमच्या निलंगा परिसरात रॉक बँडचे चाहते मोजकेच. परंतु चित्रगीतांच्या तबकड्या जमवणारे, त्यांवर तासन् तास वाद घालणारे चाहते येथे होते आणि आजही आहेत. त्यांचे दैवत वेगळे : भीमगीते. १९८० च्या दशकात ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि कंपन्यांच्या तबकड्यांपर्यंत कधीही न पोचलेले संगीत गावोगाव पोचले. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या घडामोडीचा अभ्यास केला आहे. मराठवाड्याचा अनुभव त्याहून फार निराळा नाही. ध्वनिफितीमागून व्हीसीडी आली, मग डीव्हीडी, मग एकाच तबकडीत शंभर-दीडशे गाणी बसवणारी एमपीथ्री, आणि अखेरीस मोबाईलच्या दुकानात 'भरून' मिळणारे मेमरी कार्ड. १४ एप्रिलची जयंती, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, आणि १४ जानेवारीला औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी होणारी नामविस्तार दिनाची गर्दी : या ठिकाणी पुस्तकांच्या शेजारी या तबकड्याही मांडलेल्या असत. तेथून आणलेली पिशवी वर्षभर पुरे.

या मंडळींच्या बोलण्यात एक वाद पुन्हा पुन्हा येतो. "हे वामनदादाचं न्हाई, मामा. शेवटच्या कडव्यात नाव कुठं हाय?" असे तरुण विचारतो. मामा म्हणतात, "लेकरा, ते कडवंच कापलंय. मी गायनपार्टीत पुरं ऐकलेलं हाय."

या दोन वाक्यांत संपूर्ण प्रश्न सामावला आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. प्रौढपणी अक्षरे शिकलेला हा कवी आयुष्यभर गावोगाव फिरत गात राहिला. संतकवींप्रमाणे गीताच्या अखेरच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची रीत त्यांनी पाळली. ही नाममुद्रा हा केवळ अलंकार नव्हे. ज्याच्याजवळ छापखाना नाही, करारपत्र नाही, अशा कवीने स्वतःच्या कृतीवर ठेवलेली ती एकमेव सही आहे. आता गीत तबकडीच्या किंवा चित्रीकरणाच्या वेळेत बसवण्यासाठी आखूड केले आणि शेवटचे कडवे गळाले, तर चार ओळींबरोबर कवीही जातो. रॉक बँडच्या चाहत्याला कापलेल्या चौकटीचे दुःख असते. तिथे डोक्यावरचे आकाश जाते. येथे कापलेल्या कडव्याबरोबर कर्ताच जातो. मेमरी कार्डात तर गीताचे शीर्षकही उरत नाही. 'ट्रॅक ०७' एवढीच त्याची ओळख.

नाव पुसले जाण्याचे आणखीही मार्ग आहेत. गळ्याचे नाव लेखणीच्या नावाला झाकते. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असा, की त्यांनी गायलेले गीत लोकांच्या लेखी त्यांचेच झाले. लिहिणारा कोण, हे विचारण्याची गरज श्रोत्याला भासली नाही. मोठ्या कवीचे नावही लहान कवीला झाकते. तुकोबांच्या मुद्रेखाली इतरांचे अभंग गोळा झाले, हे गाथेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तसेच एखाद्या खेड्यातल्या अनामिक शाहिराचे पद वामनदादांच्या खात्यावर जमा होऊ शकते, आणि ते भक्तीपोटी होते म्हणून अन्याय ठरत नाही, असे नाही.

४

प्रत करणे ही चोरी आहे काय, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. कारण वर सांगितलेल्या पिशव्यांतील कित्येक तबकड्या नकली असत, आणि मेमरी कार्ड तर सगळेच नकलेचे. कायद्याचे उत्तर ठाऊक आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने खाजगी उपयोगाला काही मोकळीक दिली, व्यापारी नकलेला दिली नाही. त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने, हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राखला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. तोवर एकरकमी पैसे देऊन गीत कायमचे विकत घेण्याची रीत सर्रास होती.

परंतु कायद्याच्या उत्तराने नैतिक प्रश्न मिटत नाही. आपल्या परंपरेत प्रत करणे हे पुण्यकर्म मानले गेले आहे. पोथी उतरवून घेणे, गाथेची वही करणे, कीर्तनकाराने दुसऱ्याच्या बाडातून पदे लिहून घेणे, यांतूनच मराठी साहित्य आपल्यापर्यंत आले. भीमगीताचा हेतू तर प्रसाराचाच होता. ते गीत ज्या मजुरासाठी लिहिले गेले, त्याने ते उसन्या तबकडीवरून ऐकले, यात कवीचा हेतू पराभूत झाला असे कसे म्हणावे? उलट बाजूने असे विचारता येईल : प्रसार झाला, विचार पोचला, पण गाणाऱ्याच्या घरी काय पोचले? जिवंतपणी ज्यांच्या शब्दांवर बाजार चालला, त्यांच्यापर्यंत त्या बाजारातले काही येत नसेल, तर प्रसाराचे पुण्य हे दुसऱ्याच्या कष्टावर घेतलेले पुण्य ठरते.

या पेचात महानुभावांची एक रीत मला मार्गदर्शक वाटते. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. पुढे अनुयायांनी आठवणींच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा एकाच लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर वेगळी आठवण 'वासना' म्हणून शेजारी नोंदवून ठेवण्यात आली. काही पाठांना तर ते सांगणाऱ्याचे नावही चिकटले, जसा हिराइसेचा पाठ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये संपादित केलेल्या 'लीळाचरित्रा'त या रीतीच्या खुणा पाहावयास मिळतात. येथे प्रत करणाऱ्याने मालकी सांगितलेली नाही आणि मूळ आपल्यालाच गवसले असा दावाही केलेला नाही. जे दुसऱ्याकडून आले ते दुसऱ्याचे म्हणून पुढे दिले.

यावरून असे म्हणता येईल, की प्रत करण्यात दोष नाही. प्रत निनावी करण्यात आहे. जो दुसऱ्याचे गीत जवळ बाळगतो, त्याच्यावर दोन ऋणे येतात. पहिले नावाचे : लिहिले कोणी, गायले कोणी, कोणते कडवे गळाले, हे त्याने प्रतीबरोबर पुढे दिले पाहिजे. दुसरे उपजीविकेचे : गाणारा हयात असेल तर त्याचा कार्यक्रम ठरवणे, त्याची अधिकृत तबकडी वा पुस्तक विकत घेणे. नावाने पोट भरत नाही, हा आक्षेप खराच आहे. म्हणून दुसरे ऋण पहिल्याने फिटत नाही. परंतु नाव पुसले गेले, तर दुसरे ऋण कोणाला द्यावयाचे हेच कळेनासे होते. या अर्थाने पहिले ऋण आधीचे.

५

चाहत्यांची चर्चा हे पहिले ऋण फेडण्याची जागा आहे, असा माझ्या म्हणण्याचा मथितार्थ आहे. तिचे दोषही नजरेआड करता येत नाहीत. संग्राहकाला संख्येचा मोह पडतो. दीडशे गीतांची तबकडी खिशात आहे या समाधानात एक गीत शेवटपर्यंत ऐकणे राहून जाते. तबकडीतली गायनपार्टी कधीही थांबवता येते, आणि थांबवता येणाऱ्या गाण्यात समोरासमोरच्या मुकाबल्याची धग उरत नाही. याहून गंभीर दोष असा, की तबकडीत नाही ते झालेच नाही, अशी समजूत हळूहळू दृढ होते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्याने जी साडेपंधरा वर्षे काढली, त्या काळात गावोगावच्या सभांत पदे रचली आणि गायली गेली. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे लोकांनी गाण्यांतूनही जपली. त्यांतले किती मुद्रित झाले? ज्या वस्तीत घरे जळत होती, तेथे ध्वनिमुद्रण यंत्र कोण घेऊन जाणार? त्या पदांचा संग्रह असलाच, तर तो म्हाताऱ्या माणसांच्या कंठात आणि एखाद्या शाहिराच्या फाटक्या वहीत आहे.

अशा वेळी 'मी पुरं ऐकलेलं हाय' या मामांच्या वाक्याला पुराव्याचे मोल येते. ती एक वासना आहे, आणि तिची नोंद झाली पाहिजे. तरुणाचा संशयही तितकाच मोलाचा. नाव सापडल्याशिवाय गीत कोणाच्याही खात्यावर टाकू नये, हा त्याचा आग्रह चिकित्सकाचा आहे. हे दोघे वाद घालतात तोवर गीताचा कर्ता पूर्णपणे हरवलेला नसतो.

लोकगीताच्या अभ्यासात 'अनामिक कर्ता' ही संज्ञा आपण फार सैलपणे वापरत आलो आहोत. पुष्कळदा कर्ता अनामिक नसतो. त्याचे नाव विचारण्याचे कष्ट अभ्यासकाने घेतलेले नसतात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपल्या परिसरातील संग्राहकांकडे जाऊन गीत, कवी, गायक, गळालेली कडवी आणि सांगणाऱ्याचे नाव अशी साधी नोंद आरंभली, तर त्यासाठी मोठा निधी लागणार नाही. वही लागेल, आणि समोरच्या माणसाचे प्रेम हीही एक ज्ञानपद्धती आहे हे मान्य करण्याची तयारी लागेल. गायनपार्ट्या ऐकलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटले, तर विचारायला कोणी उरणार नाही.