चाचणी करायची कुठे?

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचे पाणी अर्जुनी मोरगाव तालुक्यातून पुढे लाखांदूर, वडसा, आरमोरीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते. या झाडीपट्टीतला शेतकरी आज सॉफ्टवेअरचाही वापरकर्ता आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ ॲपमध्ये शेतातून पिकाचा फोटो काढला, की नोंद सातबाऱ्यावर जाते. हमीभावाने धान विकायचा तर ऑनलाइन नोंदणी लागते आणि तिथे ही पीकनोंद पाहिली जाते. ॲप अडले की चुकारा अडतो.

असे ॲप शहरातल्या कार्यालयात, वाय-फायवर आणि नव्या फोनवर तपासले तर बहुधा पास होते. अवघड प्रश्न बांधीतले असतात. फोटो काढताना रेंज गेली तर तो कुठे राहतो? सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर नोंद कोणाची? बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर असेल तर? हे अपवाद नव्हेत. झाडीपट्टीतले ते रोजचे वास्तव आहे.

2017 साली महाराष्ट्राने अशा अपुऱ्या चाचणीची किंमत दोनदा मोजली. मुंबई विद्यापीठाने सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच उन्हाळ्यात संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्याच महिन्यात, ऐन दिवाळीत, शेतकरी कर्जमाफीची प्रमाणपत्रे वाटली गेली. मग बँकांच्या याद्यांत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक सापडला.

दोन्हीकडे तारीख आधी ठरली आणि चाचणीच्या वाट्याला उरलेसुरले दिवस आले. कर्जमाफीत तर आणखी एक धडा होता: कोड निर्दोष असला तरी आत येणारी माहिती सदोष असू शकते. नमुन्यादाखल स्वच्छ नावे भरून घेतलेल्या चाचणीत हे कधीच दिसत नाही. त्यासाठी बँकेतली खरी, गोंधळलेली यादी लागते. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वीच बजावले होते, की चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, नसल्याचे सिद्ध करता येत नाही. म्हणून ‘चालते का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणाकडे, कधी बंद पडेल?’ हे शोधावे लागते.

ई-पीक पाहणीच्या 2022 मधल्या दुसऱ्या आवृत्तीत असे शहाणपण दिसले. शेतकऱ्याला स्वतःची नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली आणि फोटो काढताना आपण गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहोत तेही कळू लागले. माणूस चुकणारच, हे इथे आराखड्यातच धरले होते.

पुढची पायरी खर्चिक नाही. नव्या आवृत्तीची चाचणी खरिपातच, जुन्या फोनवर, तलाठी आणि शेतकऱ्यांसोबत घ्यावी. मागच्या हंगामातल्या तक्रारी हीच तिची पहिली यादी असावी. आणि त्या यादीतले दोष सुटेपर्यंत तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार चाचणी करणाऱ्याच्या हाती लेखी द्यावा.