पेरणाऱ्याचें ऋण

फळाची आशा न धरतां कर्म करावें, हा गीतेचा उपदेश आपल्या घरोघरीं इतका परिचित आहे कीं, तो आपण स्वतःस करीत आहों कीं दुसऱ्यास, याचें भान क्वचितच राहतें. माझ्या पुतण्यानें परवां सांगितलेल्या एका हकीकतीनें हा प्रश्न माझ्यापुढें नव्यानें उभा केला. पुतण्या गिटार वाजवितो. तीहि ‘हेवी मेटल’ नांवाच्या, भिंती हादरविणाऱ्या संगीतासाठीं. त्या संगीताची गोडी मला अद्याप लागलेली नाहीं. हकीकत मात्र मनांतून जात नाहीं.

इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ स्टोअरब्रिज हें कांचकामाबद्दल प्रसिद्ध असलेलें गांव आहे. तेथें १९७६ सालीं ब्रायन टॅटलर व डंकन स्कॉट या शाळासोबत्यांनीं ‘डायमंड हेड’ हें वादकमंडळ काढलें. शॉन हॅरिस हा त्यांचा गायक. त्याची आईच व्यवस्था पाहणाऱ्यांपैकीं एक. १९८० सालीं त्यांनीं मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून आपली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. प्रती अवघ्या एक हजार. वेष्टन कोरें, पांढरें.

पुढल्या वर्षीं लार्स उल्रिक हा सतरा वर्षांचा मुलगा केवळ यांना ऐकण्यासाठीं कॅलिफोर्नियाहून इंग्लंडांत आला व कांहीं दिवस त्यांच्याच घरीं राहिला. परत जाऊन त्यानें जेम्स हेटफील्डसह ‘मेटालिका’ हें मंडळ स्थापन केलें. १९८२ मधील त्यांच्या आरंभींच्या कार्यक्रमांत डायमंड हेडचीं कित्येक गाणीं होतीं. तीं दुसऱ्यांचीं आहेत असें ते सांगत नसत, ही कबुली पुढें उल्रिकनेंच दिली. मेटालिकाच्या ध्वनिमुद्रिका कालांतरानें कोट्यवधि खपल्या. इकडे डायमंड हेडला मोठी कंपनी मिळाली, आणखी दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९८५ मध्यें मंडळ मोडलें.

हें ऐकून मी पुतण्यास गंभीरपणें म्हणालों, “अरे, त्यांनीं संगीत केलें, त्यांतच त्यांचें फळ.” तो म्हणाला, “काका, हें त्यांनीं म्हणावें. ज्याच्या घरीं पीक आलें, त्यानें म्हणूं नये.”

मी निरुत्तर झालों. कोणी म्हणेल, कला हा वाहता प्रवाह आहे. त्यांतून प्रत्येकजण ओंजळ भरून घेतो, मग ऋण कसलें? घेणें ही चोरी नव्हे, हें मलाहि मान्य आहे. घेतल्यावांचून कोणीच मोठा झाला नाहीं. परंतु आपल्याकडील गवई गुरूचें नांव घेतांना कानाला हात लावतो, तो घेतल्याचा दंड म्हणून नव्हे. घेतलें हें विसरूं नये म्हणून. निष्कामता हें पेरणाऱ्याचें भूषण आहे. कापणाऱ्याची ती सबब होऊं शकत नाहीं. त्याचा धर्म एकच, ऋण उच्चारणें.

मेटालिकानें अखेर तें उच्चारलें. १९८४ मध्यें त्यांनीं डायमंड हेडचें ‘ॲम आय ईव्हिल?’ हें गाणें मुद्रित केलें तेव्हां मूळ रचनाकारांचीं नांवें छापलीं. १९९३ मध्यें इंग्लंडांतील मिल्टन कीन्सच्या आपल्या भव्य कार्यक्रमांत डायमंड हेडला व्यासपीठ दिलें. मंडळ पुढें पुन्हां जुळलें. गेलेलीं वर्षें यामुळें परत आलीं नाहींत, हें खरें. परंतु असत्य तेवढें थांबलें.

आतां माझ्याविषयीं. माझ्या एका पुस्तकांतील ज्या विवेचनाची लोकांनीं वाखाणणी केली, त्याचें बीज माझ्या गुरुजींच्या वर्गांतील व्याख्यानांत होतें. त्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं, मीं लिहिलें. प्रस्तावनेंत मीं अनेकांचे आभार मानले, त्यांत ते नाहींत. ते निःस्पृह होते, त्यांना नांवाची हांव नव्हती, अशी मनाची समजूत मीं वीस वर्षें घातली. ते आतां हयात नाहींत.

त्यांचें नांव येथें छापून मी सुटूं इच्छीत नाहीं. तें जेथें हवें होतें तेथेंच, त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, पुढील आवृत्तींत येईल.