द्यूतसभेतील प्रेक्षक

खेळणारा खेळतो, जिंकणारा जिंकतो आणि हरणारा हरतो. परंतु जो केवळ बाजूस राहून पाहतो, त्याच्या वाट्यास पापपुण्याचा काही अंश येतो काय? हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथवाचनातून आला नाही. तो हळ्ळीखेड येथील आमच्या देवळाच्या ओसरीवर आला.

२०२५ सालची आषाढी एकादशी होऊन दहाबारा दिवस लोटले होते. पहाटेची पूजा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो चार तरुण एका मोबाइलवर दृष्टी खिळवून बसलेले दिसले. अमेरिकेतील लास व्हेगास येथे पोकर या पत्त्यांच्या खेळाची जागतिक स्पर्धा चालली होती व तिचे अखेरचे टेबल ते पाहत होते. आपल्याकडे पहाट, तर तेथे आदल्या दिवसाची सायंकाळ. "टाक, टाक सगळे!" असे एकजण ओरडला. आम्हांस पाहून तो ओशाळला व म्हणाला, "काका, आम्ही पैसा लावत नाही. नुसते बघतो. त्यात वाईट काय?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हीही त्यांच्या शेजारी टेकलो, आणि अर्ध्या घटकेच्या आत आम्हीही मनातल्या मनात एका खेळाडूचा पक्ष घेऊन बसलो होतो. म्हणून पुढील विवेचन त्या तरुणांस उद्देशून जितके आहे, तितकेच स्वतःस उद्देशून आहे.

ही स्पर्धा १९७० सालापासून भरत आली आहे. मुख्य स्पर्धेचा प्रवेश दहा हजार डॉलरांचा. २०२५ साली तीत ९,७३५ प्रवेश नोंदले गेले. अखेरच्या टेबलावर उरले नऊ. त्यांतून मायकेल मिझराची हे विजयी झाले व त्यांना एक कोटी डॉलर मिळाले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी अनुभवी खेळाडूंची दुसरी एक मोठी स्पर्धा चौथ्यांदा जिंकली होती. तेव्हा या खेळात बुद्धी, स्मरण व संयम यांस स्थान नाही असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. आपल्या न्यायालयांतही या बाबतीत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली पोकरला कौशल्याचा खेळ मानले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्यास जुगार ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून ऑनलाइन खेळ चालविणाऱ्यास, त्याची जाहिरात करणाऱ्यास व त्यासाठी पैशाची ने-आण करणाऱ्यास दंड सांगतो. परंतु बघणाऱ्याविषयी कायदा मौन धरतो. जेथे कायदा मौन धरतो, तेथे विवेकाने बोलावे लागते.

द्यूताविषयी आपल्या पूर्वजांचेही एकच मत नव्हते. मनूने राजास द्यूत बंद करावयास सांगितले. कौटिल्याने त्यावर अध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याची व्यवस्था लावली. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात तर साक्षात शिवपार्वती सारीपाट खेळत बसली आहेत आणि खाली गण नंदीची थट्टा करीत आहेत. मात्र त्या पटावर जे हरले जाते, ते घरातच राहते. तेथे कोणाचा संसार उघडा पडत नाही.

हस्तिनापूरच्या सभेत तसे नव्हते. त्या प्रसंगी आपण शकुनीचे कपट व युधिष्ठिराचा मोह यांकडे पाहतो. परंतु व्यासांनी त्या सभेत बसलेल्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहिले आहे. धृतराष्ट्राने फासे हाती धरले नाहीत. तो केवळ, काय जिंकले, काय जिंकले, असे उत्कंठेने पुनःपुन्हा विचारीत राहिला. भीष्मद्रोणांनीही पण लावला नव्हता. ते नुसते बघत होते. विदुराने निषेध केला व पुढे तरुण विकर्ण उभा राहिला, म्हणून त्यांची नावे आपण आदराने घेतो. तेव्हा "आम्ही नुसते बघतो" हे उत्तर निदान त्या सभेत तरी पुरे पडलेले नाही.

कोणी म्हणेल, त्या सभेत अन्याय होता. येथे सज्ञान माणसे स्वखुशीने बसतात. हा आक्षेप रास्त आहे. तथापि बघणे वाटते तितके निरुपद्रवी नसते, हे या खेळाच्याच इतिहासावरून दिसते. पूर्वी प्रेक्षकास झाकलेले पत्ते दिसत नसत, म्हणून पाहण्यात गोडी नव्हती. हेन्री ओरेनस्टीन यांनी १९९५ साली टेबलात कॅमेरा बसविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे प्रेक्षकास खेळाडूहूनही अधिक दिसू लागले. ज्यास दोन्ही हात दिसतात, त्यास प्रत्येक चूक सोपी वाटते. आपण असतो तर असे केले नसते, हा भ्रम तेथेच अंकुरतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचे एक हिशेबनीस ८६ डॉलरांच्या ऑनलाइन प्रवेशातून येऊन २५ लक्ष डॉलर जिंकले. ते लोकांनी पाहिले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ प्रवेश होते. २००६ साली ते ८,७७३ झाले. पाहणारे असे खेळणारे झाले. उलट २०२४ साली विजेत्याच्या पाठीराख्यांनी कठड्यापाशी लॅपटॉप उघडून त्यास सल्ला दिल्यावरून मोठा वाद उठला. कठड्याच्या अलीकडे कोण व पलीकडे कोण, हे ठरविणे इतके अवघड आहे.

आपल्या जत्रांतील कुस्तीच्या फडातही आपण आरोळ्या देतोच. परंतु तेथील इनाम गावाच्या वर्गणीतून येते. हरणारा मल्ल अंगास माती लावून घरी जातो, त्याचे घर जात नाही. पोकरच्या स्पर्धेतील इनाम हरणाऱ्यांच्याच प्रवेशमूल्यातून उभे राहते. २०२५ साली सुमारे पंधरा टक्के प्रवेशांस काही ना काही परत मिळाले; आठ हजारांहून अधिक प्रवेश रिक्तहस्त गेले. पडद्यावर दिसले ते नऊ. ते आठ हजार कोणाच्या दृष्टीस पडले?

आमच्या मते उत्तर येथे आहे. वेदान्तात साक्षी हा शब्द फार मोठा आहे, आणि "नुसते बघतो" म्हणणारा आपणास साक्षी समजण्याची चूक करतो. साक्षीस पक्ष नसतो व त्याच्यापासून काही झाकलेले नसते. चाहत्यास पक्ष असतो, आणि उजेडात आहे तेवढेच तो पाहतो. पाहणे हा दोष नव्हे. अर्धेच पाहून आरोळी देणे हा दोष आहे. धृतराष्ट्राचे खरे आंधळेपण डोळ्यांचे नव्हते. जिंकले काय, एवढेच त्याने विचारले. हरले कोण, हे विचारले नाही.

काही दिवसांनी तो तरुण पुन्हा ओसरीवर भेटला व म्हणाला, "काका, मग बघायचेच नाही का?" आम्ही म्हणालो, "बघ. पण 'टाक सगळे' म्हणून ओरडण्यापूर्वी मनात एवढे आण, की टेबलावर तुझा सख्खा भाऊ बसला आहे आणि पुढे सरकवावयाची आहे ती तुमच्या शेताची पहाणी." तो हसला, आणि मग हसावयाचा थांबला.

वाचकहो, आम्हांसही त्या दिवशी आपण मनोमन कोणाचा पक्ष घेतला होता ते आठवले. त्याच्या समोर बसून जो हरला, त्याचे नाव मात्र आठवेना.