काळं गेलं, खड्डा राहिला

भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नाना गाड्यांच्या फायबर पार्टचे पॅटर्न करायचे. मूळचे सुतार. पण गेली पंचवीस वर्षं सागवानाची जागा एमडीएफनं आणि रंध्याची जागा पॉलिशपेपरनं घेतली होती.

गाडीचा भाग पत्र्याचा करायचा तर प्रेसला लोखंडी डाय लागतात. हजारो नग काढायचे असतील तरच तो खर्च परवडतो. वीस-पंचवीस नगांसाठी फायबरच बरं. १९५३ साली अमेरिकेत शेव्हरोलेनं कॉर्व्हेट ही गाडी पहिल्यांदा काढली, तेव्हा त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या तयार झाल्या, आणि त्या सगळ्यांची बॉडी फायबरग्लासची होती. पद्धत आजही तीच आहे. आधी हव्या त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती करायची, तो पॅटर्न. पॅटर्नवर फायबर चढवून साचा काढायचा. मग साच्यातून पार्ट.

"आपण गाडीचा पार्ट करत नाही," नाना पोरांना सांगायचे. "आपण त्याचा आजोबा घडवतो. नातवाचं नाक कुणावर गेलंय, ते आजोबाकडं बघितलं की कळतं."

शेडमध्ये पोरं दोन. विशाल आयटीआयचा पेंटर ट्रेड करून आलेला, तीन वर्षांत नानांच्या हाताखाली चांगला तयार झालेला. आणि सोनू, मे महिन्यात लागलेला, अजून पेपर भिजवणं आणि स्प्रे गन धुणं एवढ्यावरच.

जुलैमध्ये रॅलीच्या गाड्यांसाठी बॉनेटची ऑर्डर आली. वीस नग. मधोमध हवा आत घेणारा उंच स्कूप. नानांनी एमडीएफचे थर चिकटवून आकार काढला, कडा रेझिन पाजून बंद केल्या, कारण एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी रंग पिते. वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली. मग प्रायमरची वेळ आली.

त्या दिवशी सकाळी विशालनं न सांगता कॉम्प्रेसरचा खालचा कॉक उघडला. तांबूस पाण्याची धार सुटली. पावसाळ्यात हे पाणी हवेबरोबर गनमध्ये आलं तर प्रायमरवर फोड धरतात. नाना रोज आल्याआल्या हेच करायचे, म्हणून विशालही करायचा. काट्यावर एक किलो पॉलिएस्टर प्रायमर घेतला, वीस ग्रॅम हार्डनर. डोळ्यांवर चष्मा, कारण हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तोंडावर कार्बनचा मास्क. हा प्रायमर धिरड्याच्या पिठासारखा दाट असतो, म्हणून गनला अडीच मिलिमीटरचं नोझल. आणि हार्डनर पडला की पंधरा-वीस मिनिटांत माल घट्ट व्हायला लागतो, तेव्हा एका दमात मारता येईल तेवढाच कालवायचा.

विशालचा हात सुंदर चालायचा. गन पॅटर्नपासून वीतभर लांब, मनगट न वळवता सरळ रेषेत. कडेच्या आधी ट्रिगर दाबायचा, कड ओलांडली की सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पाहता पाहता लांबीचे डाग, पेन्सिलच्या खुणा, जोडांच्या रेघा सगळं एकसारख्या राखाडी रंगाखाली गेलं. सोनू तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"झाकलं गेलं म्हणून खूश होऊ नकोस," नाना सोनूला म्हणाले. "प्रायमर झाकायला नसतो, दाखवायला असतो."

ते कसं, हे दुसऱ्या दिवशी दिसलं. वाळलेल्या प्रायमरवर काळ्या स्प्रेची हलकी धूळ उडवली. मग सपाट लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून तिरपं घासायला घेतलं. जिथं उंच आहे तिथलं काळं आधी निघतं. जिथं खोल आहे तिथं ठोकळा पोचतच नाही, काळं तसंच राहतं. नुसत्या डोळ्याला न दिसणारा कागदाच्या जाडीचा खड्डाही काळा ठिपका होऊन समोर येतो. तिथं पुन्हा भरायचं, पुन्हा प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचं.

संध्याकाळी सात वाजता सगळं बॉनेट स्वच्छ राखाडी झालं होतं. फक्त स्कूपच्या मुळाशी अंगठ्याएवढा एक काळा डाग राहिला होता. नाना घरी गेलेले. सकाळी साच्याचं काम धरायचं ठरलेलं. आता तिथं भरायचं, प्रायमर मारायचा, वाळू द्यायचा म्हणजे अख्खा दिवस पुढं गेला. विशालनं ठोकळा बाजूला ठेवला. पेपरची घडी केली, बोटाखाली धरली आणि त्या डागावर पाच-सहा वेळा फिरवली.

काळं गेलं. खड्डा होता तिथंच राहिला.

सोनूनं विचारलं, "दादा, असं चालतं?"

"चालतंय," विशाल म्हणाला.

पुढचं काम बिनबोभाट झालं. चारशे, आठशे, बाराशे नंबरचे पेपर पाण्यात भिजवून फिरले, पॉलिश झालं, मेणाचे सहा हात झाले, साच्याचा पृष्ठभाग होणारा जेलकोट लागला, त्यावर फायबरच्या मॅटचे थर बसले. साचा निघाला आणि साच्यातून पहिली पाच बॉनेटं गेली.

आठ दिवसांनी गिऱ्हाईक एक बॉनेट परत घेऊन आलं. चकचकीत काळा रंग मारलेला. बोललं काहीच नाही, बॉनेट ट्यूबलाइटखाली धरलं. उजेडाची रेघ सरळ आली आणि स्कूपच्या मुळाशी गांडुळासारखी वळली. राखाडी, मंद प्रायमरवर जे कुणाला दिसलं नसतं, ते चकाकीनं उघडं पाडलं होतं. बाकीची चारही तशीच निघाली, त्याच जागी, तेवढ्याच मापाची.

गिऱ्हाईक गेल्यावर नानांनी त्या जागेवरून तळवा फिरवला. "इथलं काळं कुणी पुसलं?"

विशाल खाली बघत उभा होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी, नाना. बोटानं." थोडं थांबून पुढं म्हणाला, "दिवाळीआधी त्या बॅटरीच्या झाकणाचा पॅटर्न होता. तुम्ही असंच पुसलं होतं. म्हणाला होतात, सीटखाली जाणार आहे, कोण बघतंय?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. नानांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते झाकण दिसणारं नव्हतं, हे बॉनेट आहे. आणि ते खोटंही नव्हतं. पण नानांनी ते गिळलं.

त्यांनी सोनूला हाक मारली. कोपऱ्यातला एक टाकाऊ तुकडा काढला. त्यावर थोडा खोलगट भाग होता. काळी धूळ उडवली आणि पेपर, ठोकळा दोन्ही सोनूपुढं ठेवलं. "हे काळं काढ बघू."

सोनूनं ठोकळ्यानं चार हात मारले. मधला डाग हटेना. मग त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं पेपरची घडी केली, बोटाखाली धरली आणि काळं पुसून टाकलं. "झालं, नाना!"

नाना स्टुलावर बसले. बॉनेटचा खड्डा कुठून सुरू झाला, ते त्यांना दिसलं होतं. तो स्कूपच्या मुळाशी सुरू झाला नव्हता. तो दिवाळीआधी, त्यांच्या स्वतःच्या बोटाखाली सुरू झाला होता. कॉक उघडायची सवय जशी या पोरानं न सांगता उचलली, तशीच हीसुद्धा उचलली.

"साचा आण," ते म्हणाले.

पॅटर्नवरचा खड्डा साच्यात उलटा, उंचवटा होऊन बसला होता. नानांनी काळी धूळ उडवली, ठोकळा हातात घेतला आणि जेलकोट फुटणार नाही इतक्या बेतानं तो उंचवटा उतरवायला लागले. विशाल पुढं झाला, "नाना, माझी चूक आहे, मी घासतो."

"दोघंही बघा. पॅटर्न मी होतो, घासायचंही मीच." मग हात न थांबवता म्हणाले, "एक बरं आहे, साचा अजून घासता येतोय."

पॅटर्नवर जे एका दिवसात निस्तरलं असतं, त्याला साच्यावर तीन दिवस गेले. घासणं, पुन्हा बाराशेपर्यंत जाणं, पॉलिश, पुन्हा मेणाचे सहा हात. पाच बॉनेटांना शेडच्या खर्चानं लांबी भरली, रंग मारला. उरलेली पंधरा मात्र ट्यूबलाइटखाली सरळ रेघ दाखवत गेली.

ऑर्डर संपल्यावर एका रविवारी नाना माळ्यावर चढले आणि धूळ खात पडलेला बॅटरीच्या झाकणाचा पॅटर्न खाली घेऊन आले. त्याचे पार्ट केव्हाच जाऊन बसलेले, नवी मागणी नाही. नानांनी तो पुसला, खोल जागी लांबी भरली, वीस ग्रॅम हार्डनर काट्यावर मोजला, मास्क चढवला आणि तीन हात प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी काळं उडवून ठोकळ्यानं घासायला बसले.

विशालला राहवेना. "नाना, हे आता कोण बघणार आहे?"

शेजारी सोनू पेपर भिजवत बसला होता, पण त्याची नजर नानांच्या हातावर होती. नानांनी हनुवटीनं तिकडं दाखवलं.

"हा बघतोय."

तात्पर्य : दोषाची खूण पुसली म्हणून दोष जात नाही. आणि ज्याच्याकडं बघून कुणी शिकतंय, त्याचं कुठलंच काम सीटखालचं नसतं.