वेस, विटाळ आणि विलगीकरण

2020च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, मुंबई-गोवा महामार्गावरून चाकरमानी पायी कोकणाकडे निघाले होते. नागोठणे मागे टाकून सुकेळी खिंड उतरली की कोलाडचा आंबेवाडी नाका येतो. इथून उजवीकडे रोह्याची वाट फुटते. सरळ गेलं की इंदापूर, माणगाव, महाड. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि मनात एक धास्ती: गाव आत घेईल ना? कित्येक गावांनी रस्त्यावर बांबू आडवे टाकले होते. आलेल्यांना घराऐवजी गावच्या शाळेत ठेवलं जात होतं.

आपल्याच मुलाला वेशीवर थांबवणं हा धर्म की अधर्म?

भावनेला याचं उत्तर लगेच सुचतं, पण आधी दोन्हीकडची घरं पाहायला हवीत. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत पाच-सहा माणसं, संडास मजल्याला सामायिक. इकडे वाडीतल्या घराला पडवी, पुढे अंगण, दोन घरांमध्ये आंबा-फणस. जुलै 2020मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतल्या शंभरातल्या सुमारे 57 जणांत करोनाची प्रतिपिंडं सापडली. त्याच विभागांतल्या इतर वस्त्यांत सुमारे 16 जणांत. शहर एकच, पाऊस-वाराही एकच. फरक होता तो भिंतींचा, नळाचा आणि सामायिक शौचालयाचा. गावात मोकळी हवा असली तरी तिथे म्हातारी माणसं राहतात. तरणी पोरं मुंबईला, आईवडील गावाला, ही कोकणाची पिढ्यान्‌पिढ्यांची मांडणी. आणि करोनाचा जोर म्हाताऱ्यांवर. मोकळी घरं हे कवच खरं, पण ते थकलेल्या अंगावर चढवलेलं. शिवाय कोलाडसारख्या नाक्याच्या गावाला आडोसा नसतो. महामार्ग, रोह्याचा फाटा, 1999पासून ट्रक वाहून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो गाडी, सगळं इथूनच जातं.

पूर्वी रोगाला देवतेचं नाव होतं. फोड आले की ‘देवी आल्या’, पटकी आली की मरीआई कोपली. मरीआईचं ठाणं बहुधा वेशीवर असतं, म्हणजे बाहेरून येणारं संकट कुठे अडवायचं हे गावाने श्रद्धेच्या भाषेत ठरवून ठेवलं होतं. सिंधुदुर्गात आचऱ्याची गावपळण आजही होते. देवाचा कौल मिळाला की सारं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर रानात राहतं. ती साथीसाठीच सुरू झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मोलाची आहे: तिथे कुणाला एकट्याला बाहेर काढत नाहीत, सगळे मिळून निघतात.

आपल्या गावांच्या रचनेत दुसरं एक अंतरही धर्माच्या नावाने आखलं गेलं. महारवाडा गावाबाहेर, पाणवठा वेगळा. कोलाडहून याच महामार्गाने पुढे महाड लागतं. तिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि सनातन्यांनी पुढे शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. करोनाच्या काळात ‘जुनं सोवळंच शास्त्रीय होतं’ असं बरेच जण बोलू लागले. हे म्हणणं खोटं आहे आणि घातकही आहे. विलगीकरण दिवस मोजतं. आधी ते 14 दिवसांचं होतं, 2020च्या गणपतीला कोकणात येणाऱ्यांसाठी 10 दिवसांचं झालं. मुदत संपली की माणूस घरी, आणि नियम सावकाराच्या मुलालाही तोच. विटाळ जन्म मोजतो, त्याला मुदत नसते.

मग साथीत जो जातो तो आपल्या प्रारब्धाने जातो, असं म्हणायचं का? सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1898मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. दाट वस्त्या पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले. ज्यांची घरं गेली त्यातले पुष्कळ गरीब शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली गर्दी वाढली. गल्ली किती रुंद, नळ कुणाच्या दारात, हे माणसं ठरवतात. त्याचं ओझं मेलेल्याच्या संचितावर टाकणं हा उघड अन्याय आहे.

वेशीवर थांबवणं धर्म की अधर्म, या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर सावित्रीबाई फुल्यांच्या शेवटच्या दिवसांत मिळतं. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी दवाखाना शहराबाहेर मोकळ्या माळावर काढला. दाट वस्तीपासून रोग्याला दूर ठेवणं गरजेचं आहे, हे त्यांनी मानलं. आणि मुंढव्याजवळच्या महारवाड्यात एक मुलगा आजारी पडला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत गेल्या. रोगाशी अंतर आणि रोग्याशी जवळीक एकाच बाईने एकाच साथीत पाळली. त्यात त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897ला त्या गेल्या.

2020 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी थांबला. एकमेकांच्या पायाला हात लावणाऱ्या संप्रदायाने हात आवरले, यात धर्म बुडाला असं कुणी म्हटलं तर ते मानता येणार नाही. शाळेच्या फाटकाशी डबा ठेवून चार पावलं मागे सरणाऱ्या आईबद्दलही तेच. मात्र त्या आईकडे निदान शाळा होती, आणि शाळेतून परतल्यावर मुलाला पडवी होती. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर एका खोलीत आजी, लेक, नातवंडं एकत्र निजतात आणि वीटभट्टीचा हंगाम संपला की भट्टीवरचे सगळे त्याच खोलीत परततात. तिथे एखाद्याला खोकला सुरू झाला, तर 10 दिवस त्याने कुठे काढायचे?