दृष्टीआड संप

संप हा शब्द कानावर पडला की बँकेतल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मागण्यांचा नव्हे, वाराचा. रविवारला जोडून असेल तर मागण्या न्याय्य असतात. बुधवारी असेल तर संघटनेने जरा विचार करायला हवा होता, असे सर्वांचेच मत पडते. त्यामुळे आमचे मेहुणे जेव्हा म्हणाले, "दाजी, माशांच्या टाकीला संप करायचाय, जरा हिशेबाला बसा," तेव्हा मी सवयीने विचारले, "कुठल्या वारी?"

हा संप निराळा निघाला. आमच्या अक्कलकोटात नळाला पाणी काही रोज येत नाही. म्हणून अंगणात जमिनीखाली टाकी बांधून पाणी साठवतात, तिला काहीजण संप म्हणतात. माशांचा संप त्याच जातीचा. वर दिवाणखान्यात मोठी काचेची टाकी, आणि तिच्या खाली कपाटात दडवलेली दुसरी टाकी. वरच्या टाकीतली घाण खाली नेऊन पाणी स्वच्छ करायचे आणि पुन्हा वर पाठवायचे, हे तिचे काम. पाहुण्यांना वरची दाखवायची, खालचीचे दार लावून ठेवायचे.

मेहुण्यांची टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. २४ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर. नुसत्या पाण्याचे वजन सात क्विंटलला जरासे कमी. एवढ्या महालात राहणार कोण, तर सिक्लिड. हे एका मोठ्या घराण्याचे नाव आहे. त्याच्या शाखा आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पसरलेल्या आहेत, आणि गोव्याकडच्या खाडीत मिळणारा काळुंदरही त्याच कुळातला. मेहुण्यांनी आणले ते चार ऑस्कर, दक्षिण अमेरिकेचे. हा मासा फूटभर वाढतो, खायला घालणाऱ्या माणसाला ओळखतो, आणि घास चावताना निम्मा कल्ल्यांतून धुरळ्यासारखा बाहेर सोडतो. जेवणाची ही पद्धत पाहून आमची ही म्हणाली, "तुमच्या धाकट्या काकांची आठवण झाली." मी विषय हिशेबाकडे वळवला.

हिशेब असा. वरचे पाणी काठाशी आले की पाइपातून आपल्याच वजनाने संपात उतरते. पहिल्या कप्प्यात स्पंज. तो खरकटे आणि विष्ठा अडवतो. दुसऱ्यात सिरॅमिकची नळकांडी आणि खडबडीत दगड. तिसऱ्यात मोटर, ती पाणी परत वर ढकलते. सगळे पाणी तासात निदान पाच वेळा फिरावे असा ठोकताळा. म्हणजे मोटर ताशी ३,४०० लिटरची, आणि उंची चढताना तिलाही दम लागतो म्हणून थोडी मोठीच घ्यायची. आता वीज गेली तर? मोटर थांबते, पण वरचे पाणी काठाखाली जाईपर्यंत उतरतच राहते. दोन इंच उतरले तरी ते ५६ लिटर होते. तेवढी जागा संपात कायम रिकामी हवी, नाहीतर मासे वर सुखरूप आणि दिवाणखान्यात पूर. आम्हालाही बँकेत ठेवींचा काही भाग कर्जाऊ न देता बाजूला ठेवावा लागतो. रोज पाहणाऱ्याला तो भाग बिनकामाचा वाटतो. त्याची किंमत एकाच दिवशी कळते.

इथवर सगळे गणित होते. माझ्यातला बी. कॉम. जागा झाला तो पुढे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या संन्याशाने जमा-नावेची दुहेरी पद्धत पुस्तकात छापली आणि जगातल्या तमाम कारकुनांना कामाला लावले. तिचे सार इतकेच, की एका खात्यातून जे गेले ते दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात दिसलेच पाहिजे. पैशाच्या बाबतीत हे सर्वांना पटते. घाणीच्या बाबतीत मात्र आपण एकेरी नोंद ठेवतो. केर दाराबाहेर गेला की 'गेला' म्हणतो. मोरीत पाणी ओतले की 'गेले' म्हणतो. अहो, गेले कुठे? वरची टाकी आरशासारखी दिसते याचा अर्थ घाण नाहीशी झाली असा नव्हे. ती खालच्या खात्यात ट्रान्सफर झाली.

त्या खात्यातले कारकून मोठे मजेदार आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि खरकट्यातून अमोनिया होतो, आणि तो माशांना विष. दुसऱ्या कप्प्यातल्या दगडांवर सूक्ष्म जंतू वस्ती करतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे काही त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. ही वस्ती जमायला चारसहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने दगड लख्ख धुतले तर ती मरते, म्हणून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात ते हलकेच विसळायचे. वीज बराच वेळ गेली तर प्राणवायू संपून हेच जंतू गुदमरतात. अक्कलकोटात विजेचा लपंडाव कोणाला नवा नाही, म्हणून मेहुण्यांनी इन्व्हर्टर आधी संपाला जोडला, पंख्याला नंतर. पाहुणे येतात, "काय रंग आहेत हो!" म्हणतात. रंग माशांचे, पुण्याई खालच्यांची. वर मासे मिरवतात ते खाली कोणीतरी संप करत नाही म्हणून.

मी मेहुण्यांना तत्त्वज्ञाच्या थाटात विचारले, "घाण कपाटात लपवायची आणि लोकांना काच दाखवायची, हे दांभिकपणाचे नाही का?"

मेहुणे शांतपणे म्हणाले, "दाजी, संडास काय दिवाणखान्यात बांधायचा?"

हे उत्तर मला पुरून उरले. खरेच, झाकण्यात पाप नाही. जगात प्रत्येक मांडणीला एक मागची बाजू असते. आमच्याकडे स्वामींच्या दर्शनाला येणारा भक्त अन्नछत्रात तृप्त होऊन उठतो. ताटे घासणारे हात त्याच्यासमोर आणून उभे करायलाच हवेत असे नाही. मग फरक कुठे पडतो? मेहुण्यांच्या कपाटाकडे पाहताना मला तो दिसला. त्या कपाटाला कडी आहे, आणि दर रविवारी ती स्वतः मेहुणे काढतात. नाक मुरडत का होईना, स्पंज स्वतःच्या हाताने पिळतात. झाकणे वेगळे आणि विसरणे वेगळे. दृष्टीआड सृष्टी असते हे आपल्या म्हणीला ठाऊक आहे. ती सृष्टी आपलीच, हे मात्र आपण सोयीने गाळतो.

हे न गाळणारी माणसेही होऊन गेली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे म्हणून त्यांनी अन्नत्याग केला. काम टाळायला संप करणारे पुष्कळ पाहिले. जे काम जन्माच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांवर ढकलले होते, ते आपल्या वाट्याला यावे म्हणून उपाशी राहणारा माणूस विरळा. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ आणि २०१३ साली दोन कायदे झाले. तरीही गटारात उतरून माणसे मेल्याची बातमी अधूनमधून येते आणि आपण चहा पीत पान उलटतो. त्या गटारात उतरलेली नोंद कोणाच्या खात्याची होती?

खाते कुठवर लांबते पाहा. मी नोकरीला सोलापुरात. तिथे पितो ते पाणी उजनी धरणाचे. १९८० साली पुरे झालेले, सुमारे ११७ टी.एम.सी.चे, भीमेवरचे हे धरण. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत साठा म्हणून धरलेला. त्यामुळे उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये जाते आणि तरीही पाणी देते. इतकी दिलदार ओव्हरड्राफ्टची सोय आमच्या बँकेतही नाही. पण मुळा-मुठा भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मोऱ्यांतून 'गेलेले' पाणी, काही शुद्ध केलेले आणि काही तसेच, आमच्याकडे 'येते'. थोडक्यात, उजनी हा पुण्याचा संप. आणि गंमत अशी, की तिथे आज जाळ्यात मुबलक सापडते ती चिलापी, म्हणजे १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया, तोही सिक्लिडच. मूळचे मासे मागे पडले, हा चिवट गडी टिकला.

पुण्याला नावे ठेवणे हा आम्हा सोलापूरकरांचा आवडता विरंगुळा. पण पुण्याच्या कपाटाची कडी पुण्याच्या हातापासून फार लांब आहे, आणि जी कडी हाताला लागत नाही ती कोणी काढत नाही. आमचे तरी काय? भीमा आमच्याकडून पुढे कर्नाटकात जाते, तिथेही नदीत घागर बुडवणारे कोणीतरी असतेच. ते आमच्याबद्दल काय म्हणत असतील, हे कानडी येत नसल्यामुळे मला कळत नाही, एवढेच.

जंतू कितीही इमानी असले तरी शेवटी नायट्रेट उरतेच. ते काढायला आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे लागते. पाव टाकी म्हणजे १७० लिटर, बारा बादल्यांना थोडे कमी. पाण्याची वाट पाहणाऱ्या गावात हे ऐकून मी हिशेबाची वही मिटत होतो. पण आमची ही म्हणाली, "अहो, ते मोरीत ओतू नका. कढीपत्त्याला घाला." नायट्रेट हे झाडांचे खत, हे तिला कोणत्या पुस्तकात सापडले ठाऊक नाही, पण कढीपत्ता फोफावला आहे, आणि बागेचे तेवढे ताजे पाणी वाचते आहे. घाणीचे खाते असेच मिटवावे लागते. ज्याला ती हवी आहे त्याचा पत्ता शोधायचा, आणि तो सापडेपर्यंत ती आपल्याच नावे ठेवायची. प्रत्येक जण कुणाच्या तरी वरची टाकी असतो. खाली कोण राहते, याची निदान चौकशी करावी.