बेरीज बरोबर होती

पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात एक ट्रकवाला राहत होता. गाडी एकच, सहाचाकी, बँकेच्या कर्जावर घेतलेली. शिरोलीच्या एमआयडीसीतून फाउंड्रीचे कास्टिंग भरायचे, कधी पुण्याला तर कधी हुबळीला पोचवायचे आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हा त्याचा धंदा. माणूस सरळ होता. हुंडेकरी म्हणायचे, "दोन टन जादा टाक, भाडं वाढवून देतो." तो मान हलवायचा आणि ठरले तेवढेच भरायचा.

२०१८च्या जुलैत केंद्र सरकारने मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली. सहाचाकीला मालासकट १६.२ टनांची मुभा होती, ती १८.५ टन झाली. याची गाडी त्यानंतरची. माल भरला की तो वजनकाट्यावर जायचा, पावती घ्यायचा, आकडा साडेअठराच्या आत आहे ना ते पाहायचा आणि पावती काचेखाली खोचून निघायचा. त्या पावतीचा त्याला मोठा आधार वाटे.

एकदा त्याला हुबळीचा माल मिळाला. लहान लहान कास्टिंगच्या लाकडी पेट्या, एकेक पन्नास किलोची. सोबत थोडा हलका माल होता, तो केबिनच्या मागे रचला गेला. जड पेट्या मागच्या फाळक्याकडे येऊ लागल्या. मुकादमाने विचारले, "मालक, पेट्या पुढं घेऊ का?"

"नको. उतरवायला मागंच बऱ्या."

काट्यावर आकडा आला १८.१ टन. पावती काचेखाली गेली.

त्या दिवशी त्याचे वडील गाडीत होते. त्यांना सगळे आबा म्हणत. लेक संकेश्वरला दिलेली, तिच्याकडे चार दिवस जायचे होते. आबांनी उमेदीची वर्षे बैलगाडीने ऊस ओढण्यात घालवली होती. गाडीत मोळ्या रचून झाल्या की आबा बैल लगेच जुंपत नसत. आधी जू हातात धरून उचलून बघत. जू फार जड लागले तर भार पुढे आला, तो बैलांच्या मानेवर बसणार आणि खांदे सोलणार. जू आपणहून वर येऊ लागले तर भार मागे गेला, गाडी उलाळ झाली, मग बैलांचा गळा आवळणार. हाताला बेताचे लागेपर्यंत ते मोळ्या मागेपुढे करत. थंडीत बोटे फुटलेली असत, मागचे गाडीवान खोळंबून ओरडत, तरी आबा ऐकत नसत.

कागल गेले. महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची सुरू झाली, कोगनोळी गेली. आबा बराच वेळ समोर बघत गप्प बसले होते. मग म्हणाले, "गाडी तोंड वर करून चालल्यागत वाटतीया रं."

"रिकाम्या रस्त्यावर तसंच वाटतंय, आबा."

निपाणी मागे पडली आणि तवंदीचा घाट लागला. चढावर एका वळणाला त्याने स्टिअरिंग फिरवले. ते हातात हलके फिरले, गाडी मात्र वळायला मागेना. पुढची चाके रस्ता नीट धरतच नव्हती, नुसती घासत कडेकडे निघाली. त्याने ॲक्सिलरेटर सोडला, तेव्हा कुठे चाकांनी जमीन धरली. पुढे रुंद जागा बघून त्याने गाडी कडेला घेतली. क्लीनर पोराने उडी मारून चाकांमागे दगड लावले.

आबा खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. मागचे पाटे दबून पार सरळ झाले होते. पुढच्या पाट्यांची कमान तशीच होती, जणू गाडी रिकामी आहे. त्यांनी मागच्या टायरला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

"उलाळ झालीया गाडी."

"आबा, वजन बरोबर हाय. ही बघा पावती."

आबांना वाचता येत नव्हते. त्यांनी पावती हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली. "हे सगळ्या गाडीचं वजन. मागच्या चाकांचं यात कुठं लिवलंय?"

मुलाला उत्तर देता आले नाही.

गाडी अगदी सावकाश संकेश्वरला पोचली. तिथल्या काट्यावर एक वयस्क माणूस होता, पूर्वी रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, "आधी नुसती पुढची चाकं प्लेटवर घ्या." आकडा आला ५ टन. मग सगळी गाडी घेतली. १८.१. त्याने कागदावर वजाबाकी केली आणि कागद पुढे सरकवला. मागच्या एक्सलवर १३.१ टन.

"साडेअठरा हे तुमच्या मालकीचं एकच गाठोडं न्हवं," तो म्हणाला. "त्यात सात टन पुढच्या एक्सलचे आणि साडेअकरा मागच्याचे. मागं एक टन सहाशे किलो जादा झालंय. एक्सलचं वजन जादा निघालं तरी तो ओव्हरलोडच. कायदा केंद्राचा हाय, हद्द ओलांडली म्हणून बदलत न्हाई."

मग त्याने आपल्या नोकरीत ऐकलेली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले होते. चालवायला लष्कराचे जवान होते. वेगवेगळ्या वजनांचे एक्सल वेगवेगळ्या लेनवरून पुन्हा पुन्हा नेले आणि रस्ता कसा खचतो ते मोजले. एक्सलवरचे ओझे दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. "तुमच्या मागच्या एक्सलवर दीड टनच जादा दिसतंय, पर रस्त्याला ते दीडपटीहून जास्त लागतंय. खड्डे उगीच पडत न्हाईत. आणि पुढची चाकं हलकी, म्हंजे वळणावर गाडी तुमची न्हवं."

हमाल बोलावले. हलका माल मागे गेला आणि साठ-एक जड पेट्या केबिनच्या पाठीशी आल्या. ऊन तापले होते. मुलगाही वर चढून पेट्या ढकलू लागला. आबा खाली उभे राहून पाट्यांकडे बघत होते, मागची कमान हळूहळू उचलत होती. पुन्हा काटा केला. पुढे ६.७, मागे ११.४. बेरीज तीच, १८.१.

काटेवाल्याने दुसऱ्या वजनाचे पैसे घेतले नाहीत.

लेकीचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. गाडी वळणावर नीट वळली. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एक सांगू? घरात पण असंच एकदा बघ. दोन म्हशी, वैरण, पहाटेची धार, डेअरीला दूध, पोरांची शाळा, माझं औषधपाणी. तू म्हणतोस घर व्यवस्थित चाललंय, आणि चाललंयच. पर सूनबाईच्या वाट्याला किती येतंय, ते कधी येगळं मोजलंस?"

त्याने मोजले नव्हते.

आपण सगळेच त्या पावतीवर फार लवकर निर्धास्त होतो. घराची, शेताची, कारखान्याची गोळाबेरीज ठीक आली की विषय संपला असे वाटते. पण ओझे कधी बेरजेवर नसते, ते कुणा एकाच्या खांद्यावर असते. त्याच्यावर वाट्याहून जास्त पडले तर तोच नुसता झिजत नाही. दुसऱ्यावर वाट्याचे पडलेले नसते, म्हणून वळणावर त्याचाही उपयोग होत नाही. आणि हे समजायला नवे वजन घालावे लागत नाही की जुने काढावे लागत नाही. वेगवेगळे मोजून बघावे लागते.

हुबळीहून परत आल्यावर त्याने शिरोलीत मुकादमाला सांगून टाकले, की यापुढे जड माल आधी, आणि केबिनकडून सुरुवात. भरायला अर्धा तास जास्त लागू लागला, हमालीही थोडी वाढली. काट्यावर तो पुढची चाके वेगळी घेऊ लागला. ओळखीचे दोघे-तिघे ड्रायव्हर आधी कुरकुरले, मग तेही तसेच करू लागले. घरी मुक्काम असला की पहाटेची धार तो काढायचा आणि दूध डेअरीवर घालून यायचा. पहिल्या दिवशी बायको उठून गोठ्यात आली, त्याला म्हशीखाली बसलेला बघून काही बोलली नाही आणि परत जाऊन तासभर झोपली.